राईचा राखणदार आणि गावाची नोंदवही

सत्तरी तालुक्यातील बांबर येथे निरंकाराच्या नावाने राखलेली राई आहे. पाण्याने सदैव भिजलेल्या या जमिनीत रानजायफळाचे वृक्ष उभे आहेत. चिखलात प्राणवायू अपुरा असल्याने त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून जमिनीबाहेर येतात आणि हवा घेतात. गोड्या पाण्यातील अशा दलदली पश्चिम घाटातही आता मोजक्याच ठिकाणी उरल्या आहेत. देवाच्या राईतील काडीही घरी नेऊ नये, हा दंडक गावाने पाळला म्हणून बांबरचा हा ठेवा टिकला.

देवराई हे केवळ श्रद्धास्थान नव्हे. अनेक गावांत राईच्या सावलीत जपलेला झरा खालच्या कुळागरांना पाणी पुरवतो. महावृक्षांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, त्यानेच खाल्लेल्या फळांच्या बिया रानभर पसरतात. सत्तरीतील केरी येथील विवेकानंद पर्यावरण जागृती फौजेसारख्या स्थानिक संघटनांनी हे महत्त्व वर्षानुवर्षे लोकांसमोर मांडले आहे. मात्र, देवाचा धाक ओसरला, देवळाच्या नूतनीकरणासाठी जागा हवी झाली, रस्ता किंवा खाण जवळ आली, की केवळ परंपरेचा आधार तोकडा पडतो. गावाला जी राई वाटते, ती सरकारी आराखड्यात निव्वळ एक सर्व्हे क्रमांक असते.

ही दरी भरून काढण्याचे साधन जैवविविधता कायदा, २००२ ने गावाच्या हाती दिले आहे. या कायद्याच्या ४१ व्या कलमानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. गोव्यातील १९१ ग्रामपंचायतींच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. या समितीचे प्रमुख काम म्हणजे लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे. गावातील झाडे, वेली, पशुपक्षी, मासे, झरे, तळी, पिकांचे देशी वाण आणि त्यांविषयीचे पारंपरिक ज्ञान यांची नोंद तीत होते. वैदू, मच्छीमार, गुराखी, पुरण शेती करणारा शेतकरी आणि रानभाज्या ओळखणाऱ्या वृद्धा हेच या नोंदवहीचे खरे जाणकार होत.

राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये या नोंदवह्या पूर्ण करण्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली. त्यानंतर कसूर करणाऱ्या राज्याला दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असेही बजावले. मुदतीमुळे कामाला वेग येतो, हे खरे. परंतु घाईत भरलेल्या वहीत शेजारच्या गावाची यादी उतरते आणि स्वतःच्या गावचा झरा राहून जातो. ज्या झाडाचे स्थानिक नाव, ठिकाण आणि हंगाम लिहिला आहे, त्याच्या बाजूने उद्या बोलता येते. न लिहिलेल्या झाडासाठी पुरावा शोधत फिरावे लागते.

कायद्याचे ३७ वे कलम आणखी एक पाऊल पुढे जाते. स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून राज्य सरकार एखाद्या क्षेत्राला जैवविविधता वारसा स्थळ घोषित करू शकते. डिचोली तालुक्यातील सुर्ल गावची पूर्वतळी राई हे गोव्यातील असे पहिले स्थळ. खाणपट्ट्यातील गावाच्या राईला हा मान मिळावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. वारसा स्थळ झाले म्हणजे गावकऱ्यांच्या वहिवाटीवर गदा येते, हा समज चुकीचा आहे. लोकांनी स्वेच्छेने ठरवलेल्या मर्यादांपलीकडे प्रचलित वापरावर बंधने नसावीत, अशीच या संकल्पनेची धारणा आहे.

या साधनाच्या मर्यादाही ध्यानात घ्यायला हव्यात. समिती म्हणजे न्यायालय नव्हे. एखादा मोठा प्रकल्प तिला एका ठरावाने रोखता येत नाही. जैविक संसाधनांच्या वापराबाबत निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने आणि राज्य मंडळाने तिचा सल्ला घ्यावा, असे कायदा सांगतो. तो सल्ला वजनदार ठरायचा, तर त्यामागे बारकाईने केलेल्या नोंदी हव्यात आणि त्या नोंदींमागे जागी ग्रामसभा हवी.

म्हणून आपल्या पंचायतीत समितीवर कोण आहे, तिची बैठक केव्हा होते, नोंदवहीत आपल्या वाड्यावरची राई आणि तळे आहे की नाही, हे प्रश्न पुढच्या ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. नोंद नसेल तर ती करवून घेता येते. राईतल्या झाडांची नावे तोंडपाठ असलेली पिढी आज थकत चालली आहे. ती आहे तोवर तिला सोबत घेऊन राईत एक फेरी मारणे आणि ती सांगेल ते लिहून घेणे, हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.