कोंबडीचा वैरी आणि ‘घार’ हा शब्द

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यांत अंगणातले कोंबडीचे पिलू नाहीसे झाले की ‘घारीने नेले’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु या एका शब्दाखाली निदान तीन भिन्न पक्षी गोवले जातात, आणि अपराध मात्र तिघांचा सारखा नाही.

खरी घार देहाने मोठी. उघड्यावरील पिलू ती झडप घालून उचलते. शिक्रा अवघा ३० ते ३६ सेंटिमीटर लांबीचा. त्याचे नाव फारसीतील ‘शिकार’ या शब्दाच्या कुळातले. सरडे, उंदीर, लहान पक्षी हे त्याचे भक्ष्य. कोवळे पिलू तो नेऊ शकतो. परंतु स्वतः पाव किलोच्या आसपास भरणाऱ्या या पक्ष्यास किलोभर वजनाची कोंबडी उचलणे शक्य नाही. तिसरी कापशी. वरून राखी, खालून पांढरी अशी ही घार शेतावर पंख फडफडवीत अधांतरी स्थिर राहते आणि उंदीर व टोळ टिपते. ती तर शेतकऱ्याची मित्रच होय.

क्रिस्टोफर एव्हान्स, लिंडा एव्हान्स व पीटर मार्लर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसते की, आकाशातील व भूमीवरील शत्रूंसाठी कोंबड्याचे इशारे निराळे असतात. कोंबड्यास एवढा भेद पुरतो. मनुष्यास पुरत नाही. कापशीवर दगड उचलल्याने पिलू वाचत नाही, उंदीर मात्र वाचतात. शिवाय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये या पक्ष्यांस मारणे गुन्हा आहे. म्हणून पिले थोराड होईपर्यंत ती डालग्याखाली राखावी, आणि वैऱ्यास त्याच्या नेमक्या नावाने ओळखावे.