हृदयाचा जमाखर्च

व्यापाऱ्याची वही आणि शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा यांचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हृदय आपोआप का धडधडते, या प्रश्नाचे गणिती उत्तर ज्या रीतीने मिळाले, ती रीत आपल्या पेढीवरील रोजमेळाहून फारशी निराळी नाही. पेशीच्या आत विद्युद्भार किती आला, बाहेर किती गेला आणि क्षणाक्षणास शिल्लक काय राहिली, असा तो हिशोब होय. हृदयाच्या बाबतीत तो प्रथम मांडणारे संशोधक डेनिस नोबल यांच्या कार्याचा परिचय येथे करून देण्याचे योजिले आहे.

नोबल यांचा जन्म १९३६ साली लंडन येथे झाला. आईवडील दोघेही शिंपीकाम करीत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यास करीत असता ऑटो हुटर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी हृदयपेशींतील विद्युत्प्रवाहांचे संशोधन हाती घेतले. त्यापूर्वी १९५२ मध्ये हॉजकिन व हक्स्ली या केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी म्हाकुळाच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून मज्जासंदेशाची समीकरणे सिद्ध केली होती. त्या वेळी हक्स्ली यांस ती हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर सोडवावी लागली. तंतूवरून पुढे सरकणाऱ्या एका संदेशाचा हिशोब पुरा होण्यास सुमारे तीन आठवडे लागत. या कार्याबद्दल १९६३ साली उभयतांस नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

हीच समीकरणे हृदयास लावता येतील काय, हा नोबल यांचा प्रश्न होता. मज्जातंतूतील संदेश सुमारे एक सहस्रांश सेकंदात आटोपतो. हृदयपेशीतील संदेश त्याच्या कित्येक शेकडा पट वेळ टिकतो. हुटर व नोबल यांना मेंढीच्या हृदयतंतूंत असे आढळले की, पेशी उत्तेजित होताच पोटॅशियमची एक वाट मिटते आणि दुसरी अगदी सावकाश उघडते. खर्चाची दारे अशी आवरली गेल्यामुळे थोड्या भांडवलावर संदेश दीर्घकाळ चालतो. निसर्गाची ही काटकसर कोणाही व्यवहारी मनुष्यास पटण्यासारखी आहे.

पुढील गणितासाठी लंडन विद्यापीठाचे मर्क्युरी नावाचे गणकयंत्र वापरणे आवश्यक होते. परंतु नोबल गणितज्ञ नव्हते. यंत्राच्या चालकांनी त्यांस विचारले की, तुमच्या समीकरणांत आंदोलन उत्पन्न करणारा घटक कोठे आहे? त्या तरुणाजवळ नेमके उत्तर नव्हते. तरीही त्यास यंत्र मिळाले, ते रात्री दोन ते चार या वेळात! तेथील काम आटोपून पहाटे कत्तलखान्यातून मेंढीची हृदये आणावयाची व पुन्हा प्रयोगास लागावयाचे, असा त्यांचा क्रम होता. अखेर गणकयंत्राने काढलेल्या आकड्यांत लय प्रकट झाली. कोणीही बाहेरून चालना न देता हिशोबातील हृदय पुनःपुन्हा धडधडू लागले. १९६० साली ‘नेचर’ नियतकालिकात हे कार्य प्रसिद्ध झाले, तेव्हा नोबल यांचे वय तेवीस वर्षांचे होते. चालकांच्या प्रश्नाचे उत्तरही यातच मिळाले. आंदोलन उत्पन्न करणारा असा एकटा घटक नव्हताच. सर्व प्रवाहांच्या परस्पर देवघेवीतूनच ठोका निर्माण होत होता.

यानंतर ते ऑक्सफर्ड येथे गेले. १९७९ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व व १९८४ मध्ये तेथील विद्यापीठाचे अध्यासन त्यांस प्राप्त झाले. परंतु त्यांच्या कारकीर्दीतील खरा कसोटीचा प्रसंग मानसन्मानांच्या यादीत सापडणार नाही. १९६८ साली रिचर्ड सिएन यांच्यासह त्यांनी असे मांडले होते की, दोन ठोक्यांमधील अवकाशात बाहेर जाणारा पोटॅशियमचा प्रवाह हळूहळू ओसरतो व त्यामुळे पुढील ठोका पडतो. १९७५ ची सुधारित गणिती प्रतिकृतीही याच आधारावर उभी होती. पुढे इटलीचे दारिओ डिफ्रान्चेस्को यांनी १९८१ मध्ये दाखवून दिले की, तो प्रवाह बाहेर जाणारा नसून आत येणारा आहे आणि तो ओसरत नसून वाढत जातो. खर्च घटला काय किंवा जमा वाढली काय, शिल्लक सारखीच वाढते. म्हणून केवळ शिल्लक पाहून चूक उमगणे कठीण होते. अनेक वर्षे नावे पडलेली रक्कम जमेची निघाली. नोबल यांनी जुन्या खात्याचा अभिमान धरला नाही. ज्यांनी चूक दाखविली त्यांनाच सोबत घेऊन १९८५ साली त्यांनी नवी प्रतिकृती प्रसिद्ध केली. त्याच प्रवाहास आवर घालून हृदयाची गती मंदावणारे इव्हाब्रॅडीन हे औषध २००५ साली युरोपात मान्य झाले.

या विद्येचा विस्तारही मोठा आहे. न्यूझीलंडचे अभियंता पीटर हंटर यांनी ऑक्सफर्ड येथे शिकून हृदयाच्या भिंतींच्या हालचालींचे गणित केले व पुढे ऑकलंड येथे संपूर्ण हृदयाची प्रतिकृती उभारण्याचे कार्य चालविले. शरीरातील सर्व संस्थांस हाच हिशोब लावण्याच्या ‘फिझिओम’ प्रकल्पात दोघांचाही वाटा आहे.

आपल्या वाचकांस विशेष महत्त्वाची वाटावी अशी एक गोष्ट शेवटी सांगावयाची आहे. काही औषधे पोटॅशियमची वाट अडवून हृदयाची लय बिघडवितात. हा धोका ओळखण्यासाठी असंख्य मुक्या प्राण्यांवर प्रयोग होत आले. २०१७ साली ऑक्सफर्डच्या ब्लांका रॉड्रिगेझ यांच्या गटाने मानवी हृदयपेशीच्या गणिती प्रतिकृतींवर ६२ औषधद्रव्यांची परीक्षा केली. तिचे अनुमान शेकडा ८९ इतके बरोबर ठरले. सशांवरील प्रयोगांचे प्रमाण शेकडा ७५ होते. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधांसाठी प्राणिप्रयोगांची कायदेशीर सक्ती काढून टाकली व पर्यायांत गणकयंत्रावरील प्रतिकृतींचा उल्लेख केला. प्राणिप्रयोग यामुळे थांबले असे नव्हे, आणि या विद्येचा पाया मेंढीच्या हृदयांवरच घातला गेला हेही विसरता येणार नाही. ते ऋण वहीत कायमचे नावे पडले आहे. परंतु त्याची काही फेड सुरू झाली आहे, आणि ती हिशोबाच्या काटेकोरपणामुळेच शक्य झाली, हे हिशोब जाणणाऱ्या समाजाने अवश्य ध्यानी घ्यावे.