दवाखान्याचा पैसा वहीतून निघतो

घरात कुणी आजारी पडले की पैसा कुठून आणायचा, हा वस्तीतला नेहमीचा प्रश्न. मग महिना शेकडा 5 ने कर्ज निघते. 10,000 रुपयांवर वर्षाला 6,000 नुसते व्याज जाते, मुद्दल तसेच राहते.

तथागतांनी सिगालाला कमाईचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यासाठी, चौथा अडचणीच्या काळासाठी. दीघजाणू कोलियाला आय-व्यय ओळखून जगण्याचा उपदेश केला. रोजंदारीत चौथा भाग लगेच निघणार नाही. पण आय-व्यय आजपासून लिहिता येतो.

साधी वही घ्या. चार रकाने आखा: घरखर्च, शिक्षण, औषधपाणी, व्यसन. रात्री जेवणे उरकली की दिवसाचा खर्च लिहा. मोबाईलवरून दिलेले पैसेही लिहा. नोट हातातून जात नाही, म्हणून ते आठवत नाहीत. बेरीज शाळेत जाणाऱ्या मुलांना करू द्या.

महिनाअखेरीस चौथा रकाना सर्वांनी मिळून पाहा. रोज 20 रुपयांची तंबाखू म्हणजे वर्षाला 7,300 रुपये, आणि वर तोंडाच्या कर्करोगाचा धोका. दारूचा आकडा याहून मोठा. पाचवे शील पाळले तर शरीर आणि संसार दोन्ही वाचतात.

बीपी-शुगरच्या गोळ्या मात्र काटकसरीसाठी बंद करू नका. डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातून जेनेरिक गोळ्या घ्या. वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाका. दवाखान्याशिवाय तो डबा उघडू नका.