शिंगं नंतर, आधी डोळे!

संग्रहालयात पेंढा भरलेलं सांबर दिसलं की आपण आधी शिंगं बघतो. पण शिंग म्हणजे हाड. ते फारसं आकसत नाही, त्यामुळे कारागीर कच्चा असला तरी शिंगं छानच दिसणार! (आणि हो, आता पेंढा भरत नाहीत. कमावलेलं कातडं फोमच्या साच्यावर चढवतात.)

मग बघायचं काय?

डोळे: उजेडात हरणाची बाहुली आडवी, लांबट असते. काचेचा डोळा गोल बाहुलीचा किंवा तिरका बसवलेला असेल, तर काम घाईचं.

कान: आतला कूर्चा काढल्यावर आधार नीट चिकटवला नाही, तर कातडं सुकताना सुटतं आणि ढोलासारखं ताणलं जातं.

केस: नाकाडोळ्यांपाशी केस गळालेत? म्हणजे कमावण्याआधीच कातड्यात जिवाणू शिरले होते.

मान: माजावरच्या नराची मान फुगते, तोवर शिंगांवरची मखमल गळलेली असते. मखमली शिंगं आणि फुगलेली मान एकत्र दिसली, तर साचाच चुकला.

एवढी चिकित्सा कशासाठी? पहिल्या वर्षी मी अशाच एका मानेचा घेर मोजून वहीत लिहिला होता. सरांनी शांतपणे विचारलं, "हे माप सांबराचं, की साच्याचं?" सगळा तक्ता खोडावा लागला. कातडं ताणलं जातं, साचा माणूस निवडतो. मापं घ्यायची तर शिंगांची, आणि सोबत चिठ्ठी हवी: प्राणी कुठला, कधीचा.

जुन्या नमुन्याला हात मात्र लावू नका. कातड्याला आर्सेनिक चोळलेलं असू शकतं.