दुकानात एसी लावताय? मग हवेचाही हिशोब ठेवा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात नवीन दुकान काढायचं म्हटलं की बजेटमध्ये एसी असतोच. गिऱ्हाईक थांबतं, हे खरंच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. आपला नेहमीचा स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. दुकानातलीच हवा खेचतो, थंड करतो आणि परत सोडतो.

आता गजानन मार्केटमधलं कपड्याचं दुकान घ्या. काचेचं दार बंद, आत कापडाचे तंतू, खोक्यांची धूळ आणि स्टाफ दिवसभर तिथेच. फिल्टर तुंबतो, पावसाळ्यात ओल राहून बुरशी धरते. दमा किंवा अ‍ॅलर्जी असणाऱ्याला खोकला, धाप सुरू. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना.

मग करायचं काय?

१. दर १५ दिवसांनी फिल्टर धुवा, पूर्ण सुकवून लावा. खर्च शून्य.
२. सकाळी एसी लावण्याआधी दार उघडं ठेवून ओल्या फडक्याने पुसून घ्या.
३. एक्झॉस्ट फॅन बसवाच आणि रोज चालवा.
४. एसी २४ वर ठेवा. थंडगार कोरड्या हवेने दमा उठतो, बिलही वाढतं.

आणि हो, कुणाचा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर "एसीमुळे असेल" म्हणून सोडू नका. टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. माणसाला सुट्टी द्या, पाठवा.

स्टाफ टिकला तरच दुकान टिकतं. आज शटर ओढण्याआधी फिल्टर उघडून बघा!