मणके सांधावे की हलते ठेवावे?

कंबरदुखी ठाऊक नाही असे घर विरळाच. बहुतेकांचे दुखणे व्यायाम व औषध यांनी आटोक्यात येते. परंतु मणका पुढे सरकून मज्जातंतू दबला, पायांत कळा येऊ लागल्या, आणि महिनोगणती उपचार करूनही गुण येईना, म्हणजे शस्त्रक्रियेची गोष्ट निघते. अशा वेळी निवड कशाकशांतून करावयाची, हे घरातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे अगत्याचे आहे.

जुना मार्ग मणके सांधण्याचा. १९११ साली न्यूयॉर्क येथील रसेल हिब्ज व फ्रेड आल्बी या शस्त्रवैद्यांनी तो स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. क्षयाने खचलेला कणा सावरणे हा तेव्हाचा हेतू. आता स्क्रू व सळ्या बसवून, हाडाचे तुकडे भरून, दोन मणक्यांचे एक हाड होऊ देतात. सांधा स्थिर होतो. मात्र त्याची हालचाल कायमची जाते व शेजारच्या सांध्यांवर अधिक भार येतो.

हा दोष टाळण्याच्या हेतूने लवचिक साधने निघाली. १९८४ साली पूर्व बर्लिनमध्ये मणक्यांमधील एक कृत्रिम चकती बसविण्यात आली. तिच्या जनकांपैकी कारिन ब्यूटनर-यान्त्स या विदुषीने १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये व्यायामपटू म्हणून दोन सुवर्णपदके मिळविली होती! पुढे १९९४ साली फ्रान्समधून ‘डायनेसिस’ आले. त्यात ताठ सळीऐवजी दोरी व लवचिक नळी असते. दोरी मणक्यांस फाकू देत नाही, नळी त्यांस फार जवळ येऊ देत नाही.

कल्पना मनोहर खरी; तथापि एक भेद ध्यानात ठेवावा. सांधलेले हाड एकदा जुळले की सळीचा भार हलका होतो. लवचिक साधनास मात्र जन्मभर ताण सोसावा लागतो. ठिसूळ हाडात त्याचे स्क्रू सैल होऊ शकतात. शेजारचा सांधा वयोमानानेही झिजतोच; म्हणून तो निश्चित वाचेल असे वचन कोणी देऊ नये. अमेरिकेतील सरकारी खात्याने २००४ साली ‘डायनेसिस’ला परवानगी दिली, तीही सांधण्याच्या जोडीचे साधन म्हणूनच.

शिवाय तिसराही मार्ग आहे: मज्जातंतूवरील दाब तेवढा काढणे. अरुंद झालेल्या कण्याच्या रुग्णांवरील स्वीडनमधील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी पाहता, दाब काढून शिवाय मणके सांधलेल्यांस केवळ दाब काढलेल्यांहून अधिक लाभ झालेला दिसला नाही.

म्हणून शस्त्रवैद्यांस शांतपणे विचारावे: दुखण्याचे मूळ नेमके कोठे आहे? मणका वाकताना खरोखर सरकतो काय? हाडे भक्कम आहेत काय? साधन सैल झाल्यास पुढे काय? मात्र लघवीवरील ताबा सुटला किंवा पाय लुळा पडू लागला, तर विचारविनिमयात वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे.

नवे म्हणून भुलू नये, जुने म्हणून अडून बसू नये. दुखण्याचे कारण ज्याने दूर होईल, तोच उपाय त्या रुग्णापुरता श्रेष्ठ होय.