दिवाळीतील एक निरोप

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथे ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांची प्राणज्योत पवनारच्या आश्रमात १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, ऐन दिवाळीत, मालवली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्यांनी अन्न व औषध वर्ज्य केले होते.

देह आपला, म्हणून तो ठेवणे वा टाकणे हे केवळ आपल्या इच्छेवर, असे म्हणता येईल काय? आम्हांस तसे वाटत नाही. एप्रिल १९७९ मध्ये गोहत्याबंदीसाठी विनोबांनी उपोषण केले, तेव्हा शासनाकडे मागणी होती. १९८२ मध्ये मागणे कोणाकडेच नव्हते. वय सत्त्याऐंशी, कार्य पार पडलेले, मागे कोणी आश्रित नाही. निवड त्यांची खरी; परंतु या मर्यादांमुळेच तिला प्रायोपवेशनाचे गांभीर्य आले. निराशेच्या भरात जीवन संपवू पाहणाऱ्यास हा दाखला लागू पडत नाही. त्यास सोबतीची व उपचारांची गरज असते.

सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी असाध्य रुग्णाचा कृत्रिम उपचार नाकारण्याचा हक्क मान्य केला; त्यावर वैद्यकीय मंडळांची देखरेखही ठेवली.

घरात मात्र असे मंडळ नसते. वृद्ध आईवडील ‘आता पुरे झाले’ म्हणतात, तेव्हा ते त्यांचे वैराग्य असते, की आपल्या कपाळावरच्या आठ्या त्यांनी वाचलेल्या असतात? यंदा फराळाचे ताट प्रथम त्यांच्यापुढे ठेवावे, आणि क्षणभर शेजारी बसून हा प्रश्न आपण स्वतःलाच विचारावा.